आधी चावडी, मग संगणक

संगणकीय प्रकल्पाची व्याप्ती जुने दप्तर ठरवते, हे बीड जिल्ह्याच्या जमीन अभिलेखांवरून पटते. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि वरिष्ठ महसुली कारभार उर्दूत चाले. 1956 मध्ये बीडसह मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यामुळे खासरापत्रक आणि पहाणीपत्रक या जुन्या जमीन-नोंदींपासून सातबाऱ्यापर्यंतचा दुवा जुळवणे हे इथे नुसत्या टंकलेखनाहून कितीतरी मोठे काम होते. केंद्राने 1988-89 मध्ये अभिलेख संगणकीकरणाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. वर्ध्यातल्या कामाचा अंदाज बीडला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण दोन्हीकडच्या दप्तरांचा इतिहास वेगळा आहे.

संगणकात भरण्याआधी जुन्या नोंदी तपासण्यात वेळ आणि पैसा जातो, हा आक्षेप खरा आहे. पण चुकीची नोंद तशीच संगणकात गेली, तर तो खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो: जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज, तहसीलचे हेलपाटे, अडलेले पीककर्ज. राज्याने 2017 मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन, म्हणजे गावकऱ्यांसमोर जाहीर वाचन, घेतले आणि 2018 मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणला. हा क्रम योग्यच होता. नोंदीचा दर्जा शेवटी तीच माणसे पारखतात, ज्यांची जमीन त्या कागदावर असते.