मोटारखर्चाची वही

दिवाळीची झाडलोट निघाली, की कपाटाच्या तळाशी लाल बासनात बांधलेली एक वही दरवर्षी माझ्या हाती येते. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातची ती मोटारखर्चाची वही. पहिल्या पानावर खरेदीची एकच ओळ आहे. मागची सारी पाने दुरुस्तीने भरली आहेत. जुन्या राजेशाही मोटारीचा इतिहास एवढाच, असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही.

हा इतिहास आपल्याच घाटांतून सुरू होतो. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर ६२० मैलांची मोटारींची कसोटी झाली. तीत रोल्स-रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची मोटार सह्याद्रीचे घाट चढून सरस ठरली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. पुढे संस्थानिकांना या मोटारीचे जणू वेडच लागले. अपमानाचा सूड म्हणून एका महाराजांनी रोल्समधून शहराचा कचरा वाहिला, ही गोष्ट आपण ऐकली असेलच. पण सांगणारा बदलला, की महाराजही बदलतात. कधी अलवारचे, कधी पतियाळाचे. पुरावा मात्र कोणी दाखवीत नाही.

खरी गोष्ट त्याहून रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही कंपनी संपूर्ण मोटार विकतच नसे. इंजिन, चाके आणि सांगाडा तिचा. वरचा साज गिऱ्हाइकाने बार्कर, हूपर यांसारख्या कारखान्यांकडून आपल्या हौसेप्रमाणे चढवून घ्यायचा. आत लाकडी चौकट, वर हाताने ठोकलेला पत्रा. त्यामुळे एकीचे दार दुसरीला बसेलच, अशी खात्री नसे.

१९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणेतली लहान संस्थाने मुंबई इलाख्यात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही झाले. पागा रिकाम्या झाल्या, तसे मोटारखानेही. त्या दिवसांत दादांनी एका सरदार घराण्याकडून १९३४ सालची '२०/२५' जातीची रोल्स घेतली, तीही नव्या लहान मोटारीहून कमी किमतीत! मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. सारी आळी मोटार पाहायला लोटली. आईने चाकावर पाणी घातले, कुंकू लावले आणि हळूच म्हणाली, "अहो, हत्ती स्वस्तात मिळाला खरा, पण चाऱ्याचं काय?"

आईचेच खरे ठरले. परदेशी मालावर निर्बंध आले. टायरसाठी मुंबईला खेटे घालावे लागत. वही सांगते : सुतार, दाराची चौकट, तांबट, रेडिएटरला डाख, मोची, बैठकीचे कातडे. आमच्या मिस्त्रीचाचांना इंग्रजी अक्षर येत नसे. पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटीत आणि नेमका रोग सांगत. विलायतेत घडलेली ती मोटार आमच्या गावात वीस वर्षे चालली, ती या माणसांच्या हातांवर.

१९६८ साली राजकोटची प्रसिद्ध 'स्टार ऑफ इंडिया' देशाबाहेर गेली. त्याच वर्षी परदेशी गिऱ्हाइकाचा एक दलाल आमच्याही दारी आला. घरात माझ्या बहिणीचे लग्न ठरले होते. वहीच्या शेवटच्या पानावर विक्रीचा आकडा आहे. प्रत्येक पानाखाली दादांची सही असते. या पानाखाली नाही.

पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. १९७२ च्या सुमारास जुन्या मोटारींच्या निर्यातीवरही बंदी आली; आम्हांला चारच वर्षे उशिरा! राजकोटची मोटार मात्र त्याच घराण्याने पुन्हा विकत घेऊन घरी आणली. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची सरकारदरबारी वेगळी नोंद होते. आज कोणी अशी मोटार घ्यायला निघाला, की मी किंमत विचारीत नाही. "मिस्त्री कोण?" एवढेच विचारतो.

परवा नातवाने वही उघडली. "आजोबा, आपली मोटार आता कुठे असेल हो?" पहिल्या ओळीत दादांनी सांगाड्याचा क्रमांक लिहून ठेवला आहे, आणि कंपनीच्या जुन्या सांगाड्यांच्या नोंदी इंग्लंडात आजही जपलेल्या आहेत. भाऊबीज झाली, की आम्ही दोघे तिकडे पत्र लिहिणार आहोत. मोटार परत मिळणार नाही, हे मला कळते. पण तिला कोणी नीट सांभाळते आहे, एवढे समजले तरी दादांच्या त्या रिकाम्या जागी मी सही करीन.