बाल्सा, आराखडा आणि रेडिओ

आराखड्यावरून बाल्सा लाकडाचे मॉडेल विमान बांधायचे आणि ते रेडिओने उडवायचे, हा छंद १९३०च्या दशकात अमेरिकेत रुजला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, युरोप व पुढे जगभर पसरला. त्याला तीन गोष्टींचा आधार होता: हलके लाकूड, छोटे इंजिन आणि जमिनीवरून आज्ञा पाठवणारा रेडिओ. यांतले लाकूड फारसे बदलले नाही; रेडिओ मात्र झपाट्याने बदलत गेला. तो किती जड आहे आणि विमानाचे कोणते भाग हलवू शकतो, यावरच त्या त्या काळात विमानाचा आकार आणि घडण ठरली. त्यामुळे मॉडेल विमानांच्या जुन्या आराखड्यांत रेडिओतंत्राचाही इतिहास वाचता येतो.

उडणाऱ्या मॉडेलांची परंपरा बाल्सापेक्षा जुनी आहे. अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत, पीळ दिलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान उडवून दाखवले. ११ सेकंदांत ते सुमारे ४० मीटर गेले. त्यानंतरची कित्येक वर्षे मॉडेले स्प्रूस, बांबू आणि रेशमी कापड यांचीच होत. ती मजबूत असत, पण जड. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक पार केला आणि अमेरिकन मुलांना विमानांचे वेड लागले. त्याच सुमारास बाल्साही मॉडेलांत रुळू लागला आणि काही वर्षांतच त्याने बाकीची लाकडे मागे टाकली.

बाल्साचे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण, पावसाळी जंगलात वाढते. बाजारात येणारे बहुतेक लाकूड इक्वेडोरचे असते. झाड सहा ते दहा वर्षांत तोडणीला येते. ताज्या लाकडात पाणीच जास्त असते. भट्टीत ते सुकवले की पातळ भिंतींच्या मोठमोठ्या पेशी उरतात. मॉडेलसाठी वापरला जाणारा बाल्सा दर घनमीटरला साधारण ९५ ते १६० किलो भरतो. सागवानाचे वजन याच्या चौपट-पाचपट असते. वजनाच्या मानाने तो ताठ असतो, धारदार पात्याने कापता येतो आणि पॉलिश पेपरने घासून हवा तो आकार घेतो. घरातल्या टेबलावर, सुतारकामाची मोठी हत्यारे नसताना विमान बांधता येऊ लागले ते या गुणांमुळे.

ते कसे बांधायचे हे सांगण्याचे काम मासिकांनी केले. अमेरिकेत ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’ १९२९ मध्ये आणि ब्रिटनमध्ये ‘एअरोमॉडेलर’ १९३५ मध्ये सुरू झाले. अंकात विमानाची छोटी आकृती आणि बांधणीची माहिती येई; प्रत्यक्ष मापाचा आराखडा टपालाने मागवता येई. पैशांची चणचण असलेला वाचक अंकातली आकृतीच चौकटी आखून मोठी करून घेई. ज्यांना कापलेले भाग आयते हवे असत त्यांच्यासाठी पेटीबंद संच निघाले. आराखड्यावरून काम करणाऱ्याला मात्र प्रत्येक भाग स्वतः आखून कापावा लागे आणि लाकूडही स्वतःच पारखून घ्यावे लागे.

बिल ब्राऊनने फिलाडेल्फियात बनवलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉडेलांना रबरापेक्षा कितीतरी जास्त ताकद दिली. आता रेडिओचे वजन उचलणे शक्य झाले. मिशिगनमधील कलामझू येथील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे विमान १९३७ मध्ये उडवले. वॉल्टरने विमान बांधले, विल्यमने रेडिओ. त्या काळचा ग्राहक यंत्रसंच व्हॉल्व्हचा आणि त्याच्या बॅटऱ्या जड, म्हणून विमानाचे पंख सुमारे आठ फूट लांब ठेवावे लागले. १९३८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओ गटात हे भाऊ पहिले आले. ‘गफ’ आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

महायुद्धाने बाल्सा हे युद्धसाहित्य बनवले. ब्रिटनच्या द हॅविलंड मॉस्किटो विमानाचे धड बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा बसवून बनत असे. छंदासाठी लाकूड मिळेनासे झाले आणि मॉडेलांचे काम पाइन, पुठ्ठा अशा पर्यायांवर भागू लागले.

युद्ध संपल्यावर या छंदाला खरा बहर आला. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आल्यावर इंजिनासोबत प्रज्वलनाची कॉइल आणि बॅटरी विमानात नेण्याची गरज उरली नाही. रेडिओ मात्र अजून एकाच चॅनेलचा होता. विमानात पीळ दिलेल्या रबरावर चालणारे एस्केपमेंट नावाचे छोटे यंत्र असे. जमिनीवरचे बटण दाबले की सुकाणू एका बाजूला जाई, सोडले की मधोमध येई आणि पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला जाई. पुढच्या दाबाला विमान डावीकडे वळणार की उजवीकडे, हे चालकाने लक्षात ठेवायचे. एवढ्याच नियंत्रणावर उडायचे तर विमान स्वतःहून तोल सावरणारे हवे. म्हणून त्या काळच्या आराखड्यांत पंख धडाच्या वर असतो आणि त्याची टोके ठळकपणे उचललेली असतात: विमान एका बाजूला कलले की ही घडण त्याला पुन्हा सरळ करते. अल्बर्ट हॅटफुल यांनी १९४६ मध्ये कीलक्राफ्ट कंपनीसाठी आखलेले ‘ज्युनियर ६०’ मुळात मुक्त, म्हणजे रेडिओविना उड्डाणाचे होते. ६० इंची पंख आणि ऐसपैस धड असल्यामुळे पुढे त्यात रेडिओ सहज सामावला आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांचे शिकाऊ विमान ठरले.

या काळात घट्ट बसलेली बांधणीची रीत आजही तीच आहे. आराखडा सपाट फळीवर पसरून त्यावर मेणकागद ठेवतात, म्हणजे डिंक कागदाला चिकटत नाही. धडाच्या एका बाजूच्या लांब पट्ट्या रेषांवर ठेवून दोन्ही अंगांनी टाचण्या टोचतात आणि मधले आडवे-उभे तुकडे कापून बसवतात. दुसरी बाजू पहिलीवरच बांधतात, म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळतात. पंखाच्या रिबसाठी (फासळ्यांसाठी) प्लायवूडचे दोन साचे करून त्यांच्यामध्ये बाल्साचे तुकडे दाबून धरतात आणि सगळे एकदमच घासतात. सांगाडा तयार झाला की त्यावर टिश्यू कागद किंवा रेशीम चढवून डोप नावाचे रोगण लावतात; डोप वाळताना कागद ताणला जातो आणि हलक्या सांगाड्याला ताठपणा येतो. १९६०च्या दशकापासून इस्त्रीने चिकटवायची रंगीत फिल्म आली आणि डोपचा वास अनेक घरांतून गेला.

लाकडाची पारख हे या कामाचे मर्म आहे. ३६ इंच लांब, ४ इंच रुंद आणि एक-षोडशांश इंच जाड अशी बाल्साची एक पट्टी १४ ग्रॅम भरते, तर दिसायला तशीच दुसरी २८ ग्रॅम. म्हणून जाणकार दुकानातच पट्ट्या तोलून घेतात. वजनदार व कणखर लाकूड स्पारला (पंखाच्या मुख्य लांब दांड्याला) आणि हलके शेपटीला जाते, कारण शेपटीतला वाढलेला प्रत्येक ग्रॅम तोलण्यासाठी नाकात त्याच्या कित्येक पट वजन घालावे लागते. लाकडाच्या रेषाही पाहाव्या लागतात. लांब सरळ रेषांची पट्टी आडवी सहज वळते, ती पंखाच्या गोलसर पुढच्या कडेला लागते. चंदेरी ठिपक्यांची पट्टी ताठ असते, ती रिबसाठी राखतात. डाव्या-उजव्या पंखांचे स्पार सारख्याच लवचिकतेचे निवडले नाहीत, तर विमान जन्मभर एका बाजूला ओढते.

एका चॅनेलनंतर रीडचे रेडिओ आले. त्यांत वेगवेगळ्या स्वरांना कंप पावणाऱ्या पोलादी पट्ट्या असत. एका नियंत्रणाला दोन पट्ट्या लागत, म्हणून दहा पट्ट्यांवर पाच नियंत्रणे चालत. सुकाणूच्या जोडीला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) आणि एलेरॉनही (विमान कलवणाऱ्या पंखांच्या झडपा) चालकाच्या हाती आल्यावर विमानाने स्वतः तोल सावरण्याची गरज कमी झाली. पंख खाली आला, टोके सपाट झाली. अशाच ‘ओरायन’वर एड काझमिर्स्की यांनी १९६० ची पहिली जागतिक कसरत स्पर्धा जिंकली. १९६०च्या दशकातच प्रमाणबद्ध रेडिओ आला: दांडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू हलू लागले. हे रेडिओ बनवणारे फिल क्राफ्ट १९६७ मध्ये जगज्जेते झाले. चौकोनी पेटीसारखे धड आणि सरसकट एकाच रुंदीचा पंख असलेला त्यांचा ‘अग्ली स्टिक’ हा आराखडा अजूनही बांधला जातो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यात तयार झालेली आणि फोमची विमाने स्वस्त झाली, तशी आराखड्यांची मागणी घटली. पण बाल्साची क्षमता संपली नव्हती. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, बाल्सा व मायलर फिल्मचे पाच किलोंच्या आतले विमान न्यूफाउंडलंडहून निघाले आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. मधला प्रवास त्याने स्वयंचलित यंत्रणेवर केला आणि सुमारे ३,००० किलोमीटरचा अटलांटिक पार करणारे ते पहिले मॉडेल विमान ठरले. भारतात एनसीसीच्या हवाई शाखेच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंगचा समावेश आहे आणि महाराष्ट्रातल्या अनेक छात्रांची बाल्साशी पहिली ओळख तिथेच होते.

आज ग्राहक यंत्र काही ग्रॅमांचे असते, विजेची मोटर आणि लिथियम बॅटरी इंजिनाची जागा घेते आणि रिब लेझरने कापून मिळतात. याचा सर्वांत मोठा लाभ जुन्या आराखड्यांना झाला आहे. व्हिक स्मीड यांचे ३६ इंची ‘टॉमबॉय’ १९५० मध्ये निव्वळ मुक्त उड्डाणासाठी आखलेले होते, कारण तेव्हाचा रेडिओ त्याला झेपला नसता. आता तेच विमान रेडिओवर आरामात उडते. नवख्यासाठी वर पंख असलेला, टोके उचललेला, रुंद पंखाचा आराखडा हीच अजूनही योग्य निवड आहे. तिथून पुढे, रेडिओच्या वजनाने घातलेली जुनी बंधने सुटल्यामुळे, जवळजवळ शंभर वर्षांच्या आराखड्यांचा संपूर्ण संग्रह बांधणाऱ्याला खुला आहे.