क्रमिक फेम्टोसेकंद स्फटिकविज्ञान

क्रमिक फेम्टोसेकंद स्फटिकविज्ञान ही क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनांची त्रिमितीय संरचना ठरवण्याची एक पद्धत आहे. इंग्रजीत ती सीरियल फेम्टोसेकंद क्रिस्टलोग्राफी या नावाने ओळखली जाते. या पद्धतीत एका मोठ्या स्फटिकाऐवजी हजारो सूक्ष्म स्फटिक एकामागून एक क्ष-किरण लेसरच्या झोतात आणले जातात व प्रत्येकाचे एकच विवर्तनचित्र घेतले जाते. लेसरचा प्रत्येक स्पंद काही फेम्टोसेकंदच टिकतो. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. स्पंदाच्या आघाताने स्फटिक नष्ट होतो. मात्र त्यातील अणू आपली जागा सोडण्यापूर्वीच विवर्तन झालेले असते.

पार्श्वभूमी

स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते, हे माक्स फोन लाउए यांच्या प्रेरणेने १९१२ साली झालेल्या प्रयोगात दिसून आले. प्रथिनाच्या स्फटिकाचे पहिले स्पष्ट विवर्तनचित्र १९३४ मध्ये जॉन डेस्मंड बर्नाल आणि डोरोथी क्रोफुट (विवाहानंतर हॉजकिन) यांनी पेप्सिनपासून मिळवले. मायोग्लोबिन व हिमोग्लोबिन यांच्या संरचना उलगडल्याबद्दल जॉन केंड्र्यू आणि मॅक्स पेरुट्झ यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या दशकांत सिंक्रोट्रॉनसारखे प्रखर किरणस्रोत उपलब्ध झाले आणि संरचनांची संख्या झपाट्याने वाढली. एक अडचण मात्र सुरुवातीपासून कायम राहिली.

एकट्या रेणूकडून विखुरले जाणारे क्ष-किरण अतिशय क्षीण असतात. स्फटिकात तोच रेणू असंख्य वेळा एकाच मांडणीत येत असल्यामुळे संकेत मोजण्याइतका मोठा होतो. परंतु स्फटिकाशी आंतरक्रिया करणाऱ्या फोटॉनांपैकी विवर्तनाला उपयोगी पडणारे थोडेच असतात. बहुसंख्य फोटॉन शोषले जाऊन अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात, त्यातून मुक्त मूलके तयार होतात आणि रासायनिक बंध तुटू लागतात. यालाच प्रारणहानी म्हणतात. स्फटिक सुमारे १०० केल्विन तापमानाला गोठवल्यास ही हानी मंदावते. तरीही गोठवलेल्या स्फटिकाला साधारणपणे ३ कोटी ग्रेपेक्षा अधिक मात्रा देऊ नये, असा संकेत आहे. मोठा स्फटिक ही मात्रा अनेक रेणूंमध्ये वाटून घेतो, लहान स्फटिक पुरेसा संकेत देण्याआधीच निकामी होतो. पेशीपटलातील प्रथिनांचे मोठे स्फटिक मिळवणे तर विशेष कठीण. त्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न करून हाती काही न लागणे, हे या क्षेत्रात नवलाचे नाही.

प्रारणहानीचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. विवर्तनचित्र उत्तम दिसत असतानाही प्रथिनातील धातूंचे अणू इलेक्ट्रॉन स्वीकारून बदललेले असू शकतात, गंधकाचे बंध तुटलेले असू शकतात. अशा वेळी हाती येणारी संरचना मूळ प्रथिनाची नसून इजा झालेल्या प्रथिनाची असते.

तत्त्व

रिखार्ड नॉयट्झ, यानोश हायडू व सहकाऱ्यांनी २००० साली संगणकीय गणनेच्या आधारे वेगळा मार्ग सुचवला. हानी टाळता येत नसेल तर तिला वेगात मागे टाकावे, असा त्याचा आशय. अतिप्रखर स्पंदाने रेणूचा स्फोट होणार हे निश्चित असले तरी अणूंना हलण्यास काही वेळ लागतो. स्पंद त्याहून लहान असल्यास विवर्तन अखंड रेणूचेच मिळेल. त्या वेळी असे स्पंद देणारे यंत्र अस्तित्वात नव्हते.

ते यंत्र म्हणजे क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर. त्यात रेखीय त्वरकाने जवळपास प्रकाशाच्या वेगाला नेलेले इलेक्ट्रॉन आलटून-पालटून मांडलेल्या चुंबकांच्या लांब रांगेतून नागमोडी मार्गाने जातात व क्ष-किरण उत्सर्जित करतात. हेच किरण इलेक्ट्रॉनांना सूक्ष्म पुंजक्यांत बांधतात. पुंजके एकतालात उत्सर्जन करू लागले की तीव्रता प्रचंड वाढते. कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेत २००९ मध्ये सुरू झालेला एलसीएलएस हा तीव्र क्ष-किरणांचा अशा प्रकारचा पहिला लेसर होय. त्याच्या एका स्पंदात सुमारे १० खर्व फोटॉन असतात.

कार्यपद्धती

स्फटिक सहसा द्रवाच्या केसाहून बारीक धारेतून लेसरसमोर सोडले जातात. कोणता स्फटिक केव्हा आणि कोणत्या दिशेने झोतात येईल, यावर नियंत्रण नसते. अनेक स्पंद रिकामे जातात. पुष्कळ स्फटिक दोन स्पंदांच्या मधल्या काळात निसटून वाया जातात. नेहमीच्या पद्धतीत स्फटिक हळूहळू फिरवून प्रत्येक विवर्तनबिंदूची पूर्ण तीव्रता मोजता येते. येथे स्फटिक जणू स्थिर असतो आणि प्रत्येक बिंदूचा काही अंशच नोंदला जातो. शिवाय स्फटिकांचे आकार व स्पंदांची तीव्रताही दर वेळी वेगळी असते. म्हणून हजारो चित्रांतील स्फटिकांची दिशा संगणकाने ओळखून एकाच बिंदूच्या असंख्य नोंदींची सरासरी काढावी लागते. या कामासाठी क्रिस्टफेलसारख्या खास संगणकप्रणाली विकसित झाल्या.

द्रवधारेतील नासाडी कमी करण्यासाठी स्फटिक घट्ट, टूथपेस्टसारख्या मेदयुक्त माध्यमातून सावकाश सोडण्याची युक्ती पुढे आली. पटलप्रथिनांचे स्फटिक याच माध्यमात वाढवता येत असल्याने ती विशेष सोयीची ठरली. सेरोटोनिनच्या एका ग्राही प्रथिनाची संरचना २०१३ मध्ये अशा प्रकारे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी प्रथिन वापरून मिळाली.

महत्त्वाचे निष्कर्ष

हेन्री चॅपमन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रकाशप्रणाली-१ या प्रकाशसंश्लेषणातील प्रथिनसमूहाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी ३० लाखांहून अधिक चित्रे घेण्यात आली. मिळालेले विभेदन ८.५ अँगस्ट्रॉम, म्हणजे अणू वेगळे दिसण्यास अपुरे होते. मात्र तत्त्व सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी लायसोझाइमच्या बाबतीत १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत मजल गेली. २०१३ मध्ये आफ्रिकी निद्रारोगाच्या परजीवीतील कॅथेप्सिन-बी या विकराची संरचना प्रसिद्ध झाली. तिच्यासाठीचे स्फटिक कीटकांच्या जिवंत पेशींतच वाढवले होते. हा विकर रोखणारे औषध शोधण्याच्या दृष्टीने तिला महत्त्व आहे.

प्रारणहानीच्या प्रश्नाची खरी कसोटी प्रकाशप्रणाली-२ मध्ये लागली. पाण्याच्या विघटनातून ऑक्सिजन निर्माण करणाऱ्या या प्रथिनसमूहाच्या केंद्रात मँगनीजचे चार अणू असून ते क्ष-किरणांनी सहज बाधित होतात. सिंक्रोट्रॉनवर मिळालेल्या संरचनेतील मँगनीज अणूंची अंतरे त्यामुळे शंकास्पद मानली जात. जपानच्या साक्ला लेसरवर २०१५ मध्ये मिळालेल्या संरचनेत ही अंतरे ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने कमी आढळली. या प्रयोगात मात्र द्रवधारेऐवजी मोठे गोठवलेले स्फटिक वापरून प्रत्येक स्पंदासाठी त्यांचा नवा, अबाधित भाग पुढे केला होता.

प्रथिनांची हालचाल टिपण्यासाठीही ही पद्धत वापरतात. दृश्य प्रकाशाच्या लेसरने स्फटिकातील क्रिया सुरू करायची आणि ठरावीक विलंबाने क्ष-किरण स्पंद सोडायचा, अशी योजना असते. एका जिवाणूतील प्रकाशसंवेदी पीत प्रथिनाचा रंगद्रव्यभाग प्रकाश शोषल्यावर सुमारे ५५० फेम्टोसेकंदांत आपला आकार पालटतो, असे २०१६ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच्या प्रोटॉन वहनाचे नॅनोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंतचे १३ टप्पे प्रसिद्ध झाले.

मर्यादा आणि उपलब्धता

या लेसरांची संख्या जगात मोजकीच आहे. अमेरिका व जपानखेरीज दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड आणि जर्मनी येथे ते आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ २०१७ मध्ये सुरू झालेला ३.४ किलोमीटर लांबीचा युरोपीय लेसर सेकंदाला २७,००० स्पंद देऊ शकतो. प्रयोगांसाठी वेळ मिळवण्याची स्पर्धा तीव्र असते. लेसरमुळे विवर्तनातील कलासमस्याही आपोआप सुटत नाही. बहुधा आधीच्या एखाद्या मिळत्याजुळत्या संरचनेचा किंवा अल्फाफोल्डसारख्या प्रणालीने वर्तवलेल्या प्रतिकृतीचा आधार घ्यावा लागतो. शिवाय अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाला स्फटिकाची गरजच नसल्याने मोठ्या पटलप्रथिनांचे बरेच काम आता त्या पद्धतीकडे वळले आहे.

भारतात असा लेसर नाही. इंदूर येथील इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिन स्फटिकविज्ञानासाठी स्वतंत्र किरणमार्ग असून तो मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारला आहे. सूक्ष्म स्फटिक क्रमाने झोतात आणण्याचे तंत्र लेसरकडून सिंक्रोट्रॉनकडेही आले आहे. तेथे प्रत्येक चित्राला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे प्रारणहानी पूर्णपणे टळत नाही; परंतु ती अनेक स्फटिकांत विभागली जाते आणि प्रथिनाचा अभ्यास न गोठवता, सामान्य तापमानाला करता येतो.