साडेलीची पेटी व तिची घडण

गिरड (जि. वर्धा) येथील शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर फळांच्या आकाराचे गोल दगड सांपडतात. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल फकिरानें दगड करून टाकला, अशी त्यांची कथा आहे. भूशास्त्रज्ञ त्यांस झिओलाइट म्हणतात. वस्तु दिसते कशी आणि घडते कशी यांत अंतर असतें, हें याच गांवीं आम्हांस आमच्या घरांतील एका पेटीनें शिकविलें.

पेटी आजोबांनीं मुंबईहून आणलेली; आंतून चंदनाची, वरून बारीक ताऱ्यांच्या नक्षीची. तरुणपणीं ती मळकट वाटली म्हणून आम्ही काचकागदानें घासली. एका कोपऱ्यांतील तारे पार नाहींसे झाले. नक्षी लाकडांत खोल बसविलेली असेल ही आमची समजूत. ती होती केवळ पापुद्र्याएवढी.

या कामास साडेली म्हणतात. त्यांतील तुकडे एकेक करून बसवीत नाहींत. कथलाची तार, पांढरा व हिरवा रंगविलेला हस्तिदंत, सांबरशिंग, आबनूस, पतंग, चंदन यांच्या तिकोनी, चौकोनी वा गोल सळया करून त्या सरसानें जोडतात आणि दोरीनें आवळून बांधतात. जुडी वाळली कीं तिच्या टोंकाशीं तारा दिसतो. मग ती बारीक करवतीनें आडवी कापावयाची. प्रत्येक चकतीवर तोच तारा. या चकत्या पेटीवर चिकटवून घासून एकसारख्या करतात. यावरून एक पारखहि हातीं येते. जुडींतील एखादी सळई तिरकी बसली असेल, तर तोच दोष तिच्या प्रत्येक चकतींत उमटतो. आमच्या झांकणावर असे सात तारे आहेत. ते एकाच जुडीचे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

ही विद्या इराणांतील शिराजहून सिंधमार्गें सुरत व मुंबई येथें आली, असें परंपरेनें मानतात. शिराजची खातमकारी पाहतां तें संभवनीय वाटतें. पारशी कारागिरांनीं ती जोपासली. पेटीगरा हें आडनांव त्या धंद्याचें स्मारक होय. इ. स. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत या पेट्या मांडल्या होत्या.

आतां कोणी बृहत्संहितेचा आधार पुढें करील. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें शय्यासनाच्या अध्यायांत एका वृक्षाच्या शय्येहून दोन वृक्षांची अधिक शुभ सांगितली आहे, व हस्तिदंताचा अलंकारहि प्रशस्त मानला आहे. परंतु जुडी आडवी कापण्याचा तेथें उल्लेख नाहीं. भिन्न लाकडांचा मेळ आपल्याकडे जुना, इतकेंच त्यावरून ठरतें. साडेली त्यावरून ठरत नाहीं. स्वाभिमानापायीं प्रमाणाबाहेर जाणें आम्हांस मान्य नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९८६ व १९९१ सालीं झालेल्या दुरुस्त्यांनीं हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, हें योग्यच झालें. हौशी सुतारानें साग, शिसव व हळदू यांच्या सळयांवर हात बसवावा. काळा, तांबूस व पिवळा रंग त्यांतूनच साधतो. ज्यांच्या घरीं जुनी पेटी असेल त्यांनीं ती घासूं नये. कोरड्या मऊ कापडानें पुसावी, ओलीपासून जपावी, कारण ओलीनें सरस सुटतो. आणि निखळलेला तुकडा कितीहि लहान असो, पाकिटांत घालून पेटींतच ठेवावा.

आमचा तो कोपरा आम्ही रिकामाच राहूं दिला आहे. सात तारे शिल्लक आहेत; आठवा असल्यास तो आमच्याच हातून गेला.