टाकीत डिझेल मावते तरी किती?

गाडीच्या पुस्तिकेत टाकी ४२ लिटरची लिहिलेली असते आणि पंपाच्या मीटरवर आकडा उमटतो ४५. धुळे–सुरत महामार्गावर विसरवाडी किंवा नवापूरजवळच्या कुठल्याही पंपावर हे घडले की पुढचे बोलणे ठरलेले. “दादा, टाकीच बेचाळीसची आहे, पंचेचाळीस बसले कसे?” भरणारा मुलगा म्हणतो, “भाऊ, झीरो तुम्हीच बघितला ना.” वाद वाढतो आणि गिऱ्हाईक फसवले गेल्याची खात्री मनात धरून निघून जाते. प्रत्यक्षात दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता मोठी असते, कारण टाकीची क्षमता एकच एक आकडा नसते. कंपनीने जाहीर केलेली क्षमता वेगळी, काठोकाठ भरल्यावर मावणारे डिझेल वेगळे, नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत बसणारे वेगळे आणि इंजिनाला खरोखर ओढून घेता येणारे वेगळे. या चार आकड्यांत चार-सहा लिटरचा फरक सहज पडतो.

आधी पंपाचा प्रश्न मिटवू, कारण तो सोपा आहे. पंपाचे माप गाडीच्या टाकीने तपासायचे नसते. त्यासाठी वैधमापन यंत्रणेने मुद्रांकित केलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर ठेवावे लागते आणि गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात भरून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का, इतकीच तूट चालते. आता हिशेब करा. मीटरवर ४५ दाखवून टाकीत खरोखर ४२ लिटरच पडले असतील, तर तूट जवळपास पावणेसात टक्के झाली. ती पाच लिटरच्या मापात सुमारे ३३० मिलिलिटर दिसेल, आणि एवढी तूट कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही. फसवणूक होतच नाही असे मी म्हणत नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्रात बसवलेल्या चिपा सापडल्या होत्या. म्हणूनच संशय आला तर माप मागावे, आणि मुलगा यंत्राकडे जाऊन काही करायच्या आत, तिथल्या तिथे मागावे. टाकीत किती बसले हा मात्र त्याचा पुरावा नव्हे.

तो पुरावा का नाही, हे टाकीच्या वरच्या भागात कळते. कंपनी जी क्षमता सांगते ती टाकीच्या पोकळीचे संपूर्ण घनफळ नसते. डिझेल तापले की फुगते. त्या फुगण्याला जागा मिळावी म्हणून टाकीच्या माथ्याशी हवेचा एक कप्पा मोकळा ठेवलेला असतो. हवा बाहेर जाण्याच्या नळीचे तोंड टाकीत किती खाली आणले आहे, यावर तो कप्पा किती मोठा हे ठरते. त्याखेरीज झाकणापासून टाकीपर्यंत येणाऱ्या गळ्यात लिटर-दीड लिटर डिझेल उभे राहते, तेही जाहीर आकड्यात धरलेले नसते. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जाहीर क्षमता ही प्रत्यक्ष घनफळापेक्षा कमी असते असा खुलासा केलेला आहे, आणि पुष्कळ पंपांवर तशा पाट्याही लागलेल्या दिसतात. हट्टाने काठापर्यंत भरणारा माणूस हवेचा कप्पा आणि गळा दोन्ही भरत असतो. त्याचे तीन लिटर तिथे जातात.

डिझेलच्या बाबतीत यात फेसाची भर पडते. पेट्रोलपेक्षा डिझेल कितीतरी जास्त फेसाळते. नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. डिझेल वाहत असताना त्या छिद्रातून हवा ओढली जाते आणि छिद्र बुजले की आत निर्वात वाढून खटका पडतो. यालाच आपण ‘ऑटो कट’ म्हणतो. पण छिद्र द्रवाने बुजले की फेसाने, हे त्या खटक्याला कळत नाही. जोराच्या धारेने भरले तर फेस लवकर वर येतो आणि कट लवकर पडतो. हळू धारेने भरले तर तीच टाकी जास्त घेते. मिनिटभर थांबून फेस बसू दिला की आणखी लिटर-दोन लिटर सहज जातात. नोझल गळ्यात किती आत घातले आहे, पंपाचा ओटा किती उतरता आहे आणि गाडीचे झाकण चढाच्या बाजूला आले की उताराच्या, यानेही आकडा हलतो. तेव्हा एकाच गाडीत, एकाच टाकीत, दोन पंपांवर पहिल्या कटपर्यंत दोन लिटरचा फरक पडला तर त्यात नवल नाही.

उन्हाचा परिणाम मात्र लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान आहे. डिझेल एका अंश सेल्सियसला सुमारे ०.०८३ टक्के फुगते. नंदुरबारच्या मे महिन्यात हवा चाळिशीच्या वर असते. जमिनीखालच्या टाकीतले डिझेल त्याहून थंड असते आणि त्याचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. म्हणून पहाटे भरल्यास जास्त डिझेल मिळते या समजुतीत तथ्य नाममात्र आहे. समजा पहाट आणि दुपार यांत पाच अंशांचा फरक पडलाच, तरी चाळीस लिटरला तो पाव लिटरही होत नाही. भरल्यानंतर काय होते ते अधिक महत्त्वाचे. तीस अंशांचे डिझेल काठोकाठ भरून गाडी उन्हात उभी केली आणि टाकी पन्नास अंशांपर्यंत तापली, तर चाळीस लिटरचे साधारण पाऊण लिटर वाढते. टाकी स्वतःही थोडी फुगते, पण बहुतेक वाढ हवेच्या कप्प्यालाच सोसावी लागते. कप्पा आधीच भरून टाकला असेल तर डिझेल झाकणापाशी आणि हवेच्या नळीत चढते. शिवाय कॉमन रेल इंजिनात पंपाकडून आणि इंजेक्टरकडून बरेच डिझेल गरम होऊन टाकीत परत येते, त्यामुळे चालत्या गाडीची टाकीही तापतच असते. सीमेवर दोन्ही राज्यांच्या भावांत फरक पडला की स्वस्त बाजूला टाकी गच्च भरून घेण्याचा मोह नवापूरकरांना होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण लिटरमागे तीन रुपये वाचतात असे धरले, तरी कटनंतर कोंबलेल्या दोन लिटरचे सहा रुपयेच होतात. तेवढ्यासाठी हवेचा कप्पा गमावू नये.

काटा या सगळ्याविषयी फार थोडे सांगतो. टाकीत एक फ्लोट तरंगतो, त्याच्या दांड्याला जोडलेला सरकता संपर्क विजेचा रोध बदलतो आणि त्या बदलावर काटा हलतो. फ्लोट टाकीच्या छताला टेकला की वर आणखी डिझेल असले तरी काटा ‘फुल’वरच राहतो. म्हणूनच भरल्यावर पहिले साठ-ऐंशी किलोमीटर तो हलत नाही आणि मग भराभर उतरू लागतो. टाकीचा आकारही चौकोनी पेटीसारखा नसतो. सीट, एक्झॉस्ट आणि मागचा ॲक्सल यांच्यामधली उरलेली जागा पकडून तो वेडावाकडा केलेला असतो, म्हणून अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असे समीकरण धरता येत नाही. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की सरकत्या संपर्काचा पट्टा झिजतो आणि काटा मधेच अडतो. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा किरकोळ नाही. १९९८ मध्ये, नंदुरबार जिल्हा झाला त्याच वर्षी, टाटांची इंडिका आली आणि लहान डिझेल गाडी सामान्य घराच्या आवाक्यात आली. तिची टाकी ३७ लिटरची. पुढे डिझेल स्विफ्टची ४३, मग ४२ आणि २०१८ च्या आवृत्तीत ३७. त्याच २०१८ च्या गाडीचे जाहीर ॲव्हरेज लिटरला २८.४० किलोमीटर होते, म्हणजे टाकी पाच लिटरने घटूनही कागदावरचा पल्ला हजाराच्या पुढेच राहिला. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. आज शहादा-तळोद्यात फिरणाऱ्या बहुतेक लहान डिझेल गाड्या म्हणून जुन्या आहेत, हातोहात विकल्या गेलेल्या आहेत आणि त्यांची पुस्तिका पहिल्या मालकाकडेच राहिलेली आहे.

अशा गाडीचा खरा आकडा मालकानेच काढावा लागतो. रिझर्व्हचा दिवा सपाट रस्त्यावर पहिल्यांदा पेटला की जवळच्या पंपावर जावे, पहिल्या कटला थांबावे आणि किती लिटर बसले ते लिहून ठेवावे. हाच प्रयोग त्याच पंपावर, त्याच ओट्यावर, तशाच धारेने तीन-चारदा करावा. येणाऱ्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे भरवशाचे डिझेल. ४२ च्या टाकीत तो ३४-३५ च्या आसपास आला तर गाडीत काही बिघाड नाही. दिव्याखाली उरलेले पाच-सात लिटर आणि कटच्या वरचे दोन-तीन लिटर त्यात धरायचे नसतात.

ॲव्हरेज काढतानाही हीच अनिश्चितता आडवी येते आणि इथे लोक फार फसतात. पहिल्या कटची पातळी एका वेळी एक लिटर वर-खाली होते असे धरा. सुरुवातीला एक आणि शेवटी एक, अशी दोन लिटरची चूक संभवते. दहा लिटर भरून ॲव्हरेज काढले तर ही चूक वीस टक्क्यांची होते, आणि ‘गाडी काल २२ देत होती, आज १८ देते’ अशी तक्रार घेऊन माणूस गॅरेजला जातो. त्याऐवजी पाच वेळा तीस-तीस लिटर भरून सगळ्याची बेरीज केली, तर एकूण दीडशे लिटरांत तीच दोन लिटरची चूक दीड टक्क्याच्याही आत येते. मधल्या प्रत्येक भरण्यातली चूक पुढच्या भरण्यात आपोआप फिटते. पहिल्या आणि शेवटच्या कटचीच तेवढी उरते. महिनाभराच्या बेरजेइतके विश्वासाचे साधन दुसरे नाही, आणि त्याला वहीच्या एका पानापलीकडे काही लागत नाही.

आता टाकीच्या तळाकडे येऊ, कारण सातपुड्यात जाणाऱ्याला खरी गरज तिथल्या हिशेबाची आहे. डिझेल ओढणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर असते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते, आणि ते व गाळ इंजिनात जाऊ नये म्हणून ही उंची ठेवलेली असते. म्हणजे शेवटचे लिटरभर डिझेल टाकीत असूनही कामाचे नसते. पण हा सपाटीवरचा हिशेब झाला. टाकीचा तळ साठ सेंटिमीटर लांब आणि पन्नास रुंद आहे असे समजा. त्यात सहा लिटर डिझेल पसरले तर त्याची खोली जेमतेम दोन सेंटिमीटर. आता गाडी पंधराला एक अशा चढाला लागली की साठ सेंटिमीटर लांबीत चार सेंटिमीटरचा फरक पडतो. मागच्या टोकाला चार सेंटिमीटर डिझेल जमते आणि पुढचे टोक कोरडे पडते. नळीचे तोंड कुठे आहे यावर गाडीचे चालणे अवलंबून राहते. बहुतेक टाक्यांत तोंडाभोवती एक वाटी असते, तिच्यामुळे काही क्षण निभावते. चढ लांबला की मात्र तिचाही उपयोग राहत नाही. त्यात वळणे आली की डिझेल आडवेही हेलकावते. रिझर्व्हचा दिवा पेटला तेव्हा ‘अजून सहा लिटर आहेत’ हे शहादा-नंदुरबार रस्त्यावर खरे असते. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात, अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाटात ते खरे राहीलच याची खात्री नाही.

शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर, जाऊन-येऊन ११०. चढ आणि खालच्या गिअरचे धावणे धरून ॲव्हरेज सरासरी १२ वर आले असे मानले, तर नऊ लिटरांहून थोडे अधिक डिझेल लागेल. ४० च्या टाकीतला पाव काटा म्हणजे कागदावर दहा लिटर. पण त्यातले शेवटचे पाच-सहा घाटात हिशेबात धरायचे नाहीत हे वर पाहिले. तेव्हा पाव काट्यावर निघणारा माणूस उतरताना नव्हे, चढतानाच अडकण्याची शक्यता असते. अर्धी टाकी असल्याशिवाय डोंगर चढू नये, असे मी स्पष्ट म्हणेन. उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजिन डिझेल जवळजवळ घेतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र ते आयडलिंगला घेत राहते. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो.

टाकी कोरडी पडण्याची किंमत डिझेल गाडीत पेट्रोलपेक्षा जास्त मोजावी लागते. नळीत हवा शिरते, गाडी ‘एअर घेते’, आणि मग नुसते डिझेल ओतून ती सुरू होत नाही. फिल्टरजवळचा हातपंप दाबून हवा काढावी लागते. जुन्या इंडिकासारख्या इंजिनात हे काम रस्त्यावरचा मेकॅनिकही करतो. कॉमन रेल गाडीत मात्र उच्चदाबाच्या पंपाला वंगण देण्याचे कामही डिझेलच करते. तो पंप काही काळ कोरडा फिरला तर त्याच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात, तिथून सुटलेला धातूचा बारीक कण इंजेक्टरपर्यंत पोचतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. दिवा पेटल्यानंतरचे डिझेल हे पुढच्या पंपापर्यंत पोचण्यासाठी असते, आणि धडगाव मागे पडल्यावर डोंगरात पुढचा पंप लवकर येत नाही.