दंड, झबलं आणि उन्हाळी प्लेसूट

मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा 45 अंशांच्या आसपास गेला की अंगाला एकच कापड सोसवतं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती. म्हणूनच जुन्या पातळाचा, जुन्या सदऱ्याचा प्लेसूट शिवायची हौस मला मनापासून आवडते. वर बिनबाह्यांचं पोलकं, खाली आखूड विजार, दोन्ही कमरेशी जोडलेली.

या कपड्याचं एक कूळ अमेरिकेतलं. 1930 आणि 1940च्या दशकांत तिथल्या बायका समुद्रकिनारी, खेळताना तो घालू लागल्या. तिथली फॅशन डिझायनर क्लेअर मॅककार्डेल हिने तो साध्या सुती कापडांत आणला. तिच्या एका पोहण्याच्या पोशाखात तर कापड लंगोटासारखं पायांमधून घेतलेलं होतं. जुन्या कापडाचं म्हणाल, तर महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि 1943 मध्ये सरकारने जुन्याचं नवं करायला शिकवणारी पुस्तिका काढली. त्याच वर्षी भारतातही सूत आणि कापडावर नियंत्रण आलं.

पुस्तिकेतलं ते शहाणपण भंडाऱ्याच्या वैनगंगेकाठच्या घरांना कुणी शिकवावं लागलं नाही. इथल्या पवनीचे कोष्टी रेशीमकाठी सुती कापड विणत. नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, कुठेही न कापलेलं, न शिवलेलं. ते सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्याच्या जागी, काचा ओढून खोचतात तिथे आधी विरतं. तेवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडायचे, याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं ही गरिबीची खूण मानली गेली, हे मला फार खुपतं. कापड कुठे तग धरतं आणि कुठे हार मानतं, हे त्या शिवणाऱ्या हातांना नेमकं ठाऊक होतं. आजच्या शिवणवर्गांची सुरुवात या पाठापासून व्हावी.

दंडही टिकेनासा झाला की धड उरलेल्या भागाचं झबलं व्हायचं. घरात नवं कापड असलं तरी तान्ह्याच्या अंगाला आधी जुनंच लागे, कारण त्यातली खळ निघून गेलेली असे आणि सुटायचा तो रंगही सुटून गेलेला. बटणं टोचतील म्हणून बांधायला बंद लावत. पुढे दुपटी, बाळोती, आणि शेवटी वाकळ.

प्लेसूटच्या पोलक्याचं नातं झबल्याशी लागलं, राहिली विजार. भंडारा हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बाई चिखलात दिवसभर वाकून राहते ती काचा मारून. पाय मोकळे, अंग झाकलेलं, शिवण एकही नाही. समुद्रकिनाऱ्यावर जी सोय शिवून मिळवली, ती इथे नेसण्यातच होती. म्हणून जुन्या पातळाचा प्लेसूट मला परका वाटत नाही.

शिवायचाच तर पातळ आधी उजेडासमोर धरावं आणि विरळ दिसेल तो भाग बाजूला काढावा. काठ फेकू नये. त्याची वीण घट्ट असते, खांद्याचे पट्टे आणि कंबरपट्टा त्याचेच करावेत. बैठकीला मात्र आतून दुसरा थर लावावाच, कारण लुगडं जिथे विरायचं तिथेच प्लेसूटही आधी विरतो.