मामा तलाव नेमका कोणाचा?

'मामा तलाव' हे नाव ऐकलंय का? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागातले असाल तर हसाल. बाकीच्यांसाठी सांगते. यात मामा कोणी नाही, 'माजी मालगुजारी'ची ती आद्याक्षरं आहेत. या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. माझी पीएचडी त्यांच्यावरच चाललीय, म्हणून आज त्यातला एकच प्रश्न घेऊ: तलाव कोणाचा?

पहिलं उत्तर शाळेतही मिळतं: कोहळी समाजाचा. परंपरा अशी की गोंड राजांच्या काळात जो जंगल तोडून तलाव बांधेल, त्याला त्याखालची जमीन मिळे. उतार ओळखून मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी सलंगावरून सोडायचं, शेताला हवं तेवढं तुडूमातून काढायचं. धान आणि ऊस यावरच पिकायचा. पुढे इंग्रजांनी मालगुजारांना मालकी हक्क दिले, आणि तलाव कागदावर त्यांचे झाले.

पण आता पाळीवरून खाली पाण्यात बघा. तिथे ढिवर (धीमर) आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या जातीविषयक ग्रंथात कोहळी तलाव बांधणारे म्हणून येतात. त्याच ग्रंथात धीमरांची एक पोटशाखा येते, जिचं नावच शिंगाड्यावरून पडलंय! म्हणजे बघा, पाण्यातलं एक पीक माणसांची ओळख ठरण्याइतकं महत्त्वाचं होतं. पावसाळ्यात वेल लावायचे, दिवाळीच्या आसपास शिंगाडे काढायचे, उकडून बाजारात न्यायचे, उरलेले वाळवून उपासाचं पीठ करायचं. शिवाय मरळ, वाघूर यांसारखे मासे, कमळकंद, काठावरची भाजी, गुरांना पाणी. धान वर्षातून एकदा हाती येतं, तलाव मात्र बारा महिने काही ना काही देतो. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याचं शेत म्हणजे हेच पाणी.

मग आला १९५०चा मालगुजारी निर्मूलनाचा कायदा. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि १९५१पासून अंमल सुरू झाला. सरकारकडे काय काय गेलं याची यादी कायद्यातच आहे. त्यात तलाव, तळी, पाण्याचे पाट तर आहेतच, पण मासेमारीही आहे! जमीनदारी गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण पाळीची डागडुजी, गाळ काढणं ही कामं मालगुजार गावाकडून करून घ्यायचा (बरेचदा सक्तीनेच). तो गेल्यावर ही जबाबदारी गावाकडे नीट आलीच नाही. आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापेक्षा मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे. दोन्हीकडे तलाव मोजायचं माप एकच, भिजणारी हेक्टर.

माझा मुद्दा इथे आहे. हेक्टरच्या मापात शिंगाडा बसत नाही, मरळ बसत नाही. मासेमारी वेगळ्या खात्यात गेली, लीजवर आली. सहकारी संस्था झाल्या, आणि त्यांचा भर रोहू, कटला, मृगळ यांच्या बीजावर राहिला. उत्पन्न देणारे मासे आहेत ते, नाकारत नाही. पण बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळ तलावातच वाढते, फक्त पाणवनस्पती आणि उथळ काठ शिल्लक हवेत. गाळ साचला, बेशरम माजली की नेमकं तेच जातं.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर संस्थांनी काही तलावांत बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्यात. या कामात ढिवर बाया पुढे आहेत. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ज्ञान कुठल्याही खात्याच्या रजिस्टरात नव्हतं, या घरांत होतं.

म्हणून तलाव पुनरुज्जीवनाची बातमी वाचाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा. गाळ किती काढला हे ठीक, पण उथळ काठ ठेवला का? तिथेच मासा अंडी घालतो, आणि जमीन नसलेल्या घराची चूलही त्याच काठावर पेटते.